‘कुठेही जा’ म्हटलं की कोणी कुठेच जात नाही: खेळाडूंच्या मर्जीने चालणारं कॅम्पेन कसं चालवावं

टेबलटॉप रोलप्लेइंग गेममध्ये प्रत्येक खेळाडू एक पात्र चालवतो आणि गेममास्टर, म्हणजे जीएम, बाकीचं सगळं जग. अनेक सेशन, म्हणजे बैठका, चालणाऱ्या अशा खेळाला कॅम्पेन म्हणतात. नवा जीएम मोठ्या उत्साहाने नकाशा टेबलावर पसरतो. चाळीस गावं, तीन राजधान्या, दोन वाळवंटं. "आता तुम्ही मोकळे. कुठेही जा, काहीही करा." पाच खेळाडू नकाशाकडे बघतात, मग एकमेकांकडे, मग मोबाइलकडे. शेवटी कोणीतरी म्हणतं, "खानावळीत जाऊ या का?" अर्ध्या तासाने धीर सुटलेला जीएम खानावळीच्या कोपऱ्यात एक गूढ म्हातारा बसवतो, म्हातारा काम सांगतो आणि पार्टी, म्हणजे खेळाडूंच्या पात्रांची टोळी, निमूट कामाला लागते. मोकळीक पहिल्याच सेशनमध्ये आटोपली.

मी हे दोनदा केलंय. दुसऱ्या वेळी म्हाताऱ्याचा आवाजसुद्धा तोच होता.

खेळाडूंनी निवड करावी असं वाटत असेल तर निवडण्याजोगं काही समोर हवं, त्याची माहिती हवी आणि निवडीने काहीतरी बदलायला हवं. या तिन्हींची तयारी जीएमची. पुढे काय घडेल हे मात्र त्याने ठरवायचं नाही. खालच्या पायऱ्यांचा क्रम शक्यतो मोडू नका. बहुतेक जण दुसऱ्या पायरीपासून सुरुवात करतात, कारण नकाशा काढायला मजा येते. मग त्या नकाशात कोणत्याच पात्राचा जीव गुंतलेला नसतो.

पायरी १: सेशन झिरो. आधी पात्रं, मग जग

सेशन झिरो म्हणजे खेळ सुरू होण्याआधीची तयारीची बैठक. पात्रं घरून तयार करून आणू देऊ नका. घरून आलेली पाच पात्रं म्हणजे पाच वेगवेगळ्या कादंबऱ्यांचे पाच एकलकोंडे नायक. सगळे एकत्र बसा, जगाबद्दल चार वाक्यं सांगा आणि पात्रं तिथेच घडू द्या.

प्रत्येक पात्राला काहीतरी हवं असलं पाहिजे. इथे सगळ्यात जास्त गफलत होते. "वडिलांच्या मृत्यूचा बदला", "सत्तेची भूक", "स्वतःचा शोध" हे ऐकायला भारदस्त वाटतं, पण त्यावर पुढच्या सेशनमध्ये काही करता येत नाही. मी एकच प्रश्न विचारतो: "उद्या सकाळी उठून हे पात्र त्यासाठी कुठे जाईल?" उत्तर आलं नाही, तर खरवडत राहायचं. माझ्या एका खेळाडूची "बदला" पासून सुरुवात झाली आणि दहा मिनिटांनी कागदावर आलं ते असं: "पुलाच्या कंत्राटदाराकडे वडिलांची हिशेबवही आहे. ती मिळवायची." आता या पात्राला पाय फुटले.

दुसरी गोष्ट, पार्टी एकत्र का आहे याचं उत्तर खेळाडूंनी द्यायचं. सामायिक कर्ज, एकाच बोटीवरची नोकरी, एकच शत्रू, काहीही चालेल. "आम्ही खानावळीत भेटलो" हे उत्तर नाही.

तिसरी, मर्यादा. कोणते विषय खेळात येणारच नाहीत आणि कोणते आले तरी पडद्याआड राहतील, हे आधी बोलून घ्या. टेबलावर एक कोरं कार्ड ठेवा. कोणीही त्याला हात लावला की तो प्रसंग तिथेच सोडून पुढे जायचं, कारण विचारायचं नाही. मोकळ्या कॅम्पेनमध्ये याची गरज जास्त, कारण गाडी कुठे वळेल हे जीएमलाही ठाऊक नसतं.

शिवाय किमान किती जण आले तर खेळायचं आणि गैरहजर पात्राचं काय करायचं, तेही आत्ताच ठरवून टाका.

तपासा: प्रत्येक पात्राची इच्छा एका वाक्यात लिहून त्यातलं क्रियापद अधोरेखित करा. मिळवायची, सोडवायचा, गाडायचं, परत न्यायचं. अधोरेखित करायला क्रियापदच सापडत नसेल, तर अजून एक फेरी करा.

पायरी २: मुलूख छोटा ठेवा

एक वस्ती, तिच्याभोवती दोन दिवसांच्या चालीत पाच-सहा ठिकाणं. एवढं सात-आठ सेशन आरामात पुरतं. हेक्स मॅप (षटकोनी घरांचा नकाशा) आवडत असेल तर सहा मैलांचा हेक्स सोयीचा पडतो, म्हणजे साधारण दहा किलोमीटर. बऱ्याच नियमावल्यांत पायी दिवसभराची चाल २४ मैल धरतात, म्हणजे सपाटीवर दिवसाला चार हेक्स. जंगल, चिखल, डोंगर आला की दोन. हिशेब तोंडी होतो आणि खेळाडूही अंतर तोलून निर्णय घेऊ लागतात.

प्रत्येक ठिकाणी तीन गोष्टी लिहा: तिथे काय मिळवण्यासारखं आहे, तिथे काय धोका आहे आणि त्या ठिकाणावर आणखी कोणाचा डोळा आहे. तिसरी गोष्ट हमखास विसरली जाते. ती नसली की ठिकाण म्हणजे नुसतं गोदाम होतं. पायरी १ मधली प्रत्येक इच्छा यातल्या एका तरी ठिकाणाला नेऊन बांधा.

देवांची वंशावळ लिहायची खुमखुमी आली तर खुशाल लिहा. फक्त तिला तयारी म्हणू नका.

पायरी ३: तीन गट आणि त्यांची भांडणं

मोकळ्या कॅम्पेनचं इंजिन इथे असतं. तीन गट पुरे. दोन असले की खेळाडू बाजू निवडतात आणि विषय संपतो. पाच-सहा असले की जीएमच गोंधळतो. प्रत्येक गटासाठी लिहायचं: त्यांना काय हवंय, कशामुळे अडलंय, त्यांच्या हाती काय आहे आणि खेळाडूंशी बोलणारा त्यांचा माणूस कोण.

माझं एक उदाहरण देतो. एक रुंद नदी. पिढ्यान्‌पिढ्या नावाडी लोकांना पैलतीरी नेतात. मिठाचे व्यापारी पूल बांधू लागलेत, तो झाला की नावाड्यांची चूल बंद. तिसरा गट म्हणजे युद्धातून पळून आलेले सैनिक. ते वरच्या खिंडीत लपलेत आणि दोन्ही बाजूंकडून खंडणी घेतात. यात कोणी राक्षस नाही, सगळ्यांचं म्हणणं आपापल्या जागी बरोबर. म्हणून तर खेळाडू तासभर वाद घालत बसतात, आणि असा तास जीएमला फुकट मिळतो.

आता प्रत्येक गटाला एक क्लॉक द्या. कागदावर वर्तुळ काढून त्याचे ४, ६ किंवा ८ भाग पाडायचे. गटाचं काम पुढे सरकलं की एक भाग काळा करायचा, वर्तुळ भरलं की काम फत्ते. जवळच्या गोष्टीला ४, लांब पल्ल्याच्या गोष्टीला ८. माझा पूल ८ भागांचा होता आणि तिसऱ्या, पाचव्या, आठव्या भागाशी डोळ्यांना दिसेल असा बदल लिहून ठेवला होता: पहिला खांब उभा राहतो, नावाड्यांची दोन कुटुंबं गाव सोडतात, पहिली बैलगाडी पलीकडे जाते.

सावधान: क्लॉकवर "खेळाडूंनी काही केलं नाही तर काय होईल" एवढंच लिहायचं. "खेळाडू मग पूल वाचवतील" असं वाक्य वहीत आलं की समजा, पुन्हा गोष्ट लिहायला लागलात. भविष्यकाळी क्रियापद खेळाडूंच्या नावापुढे कधीच नको.

पायरी ४: माहिती सढळ हाताने वाटा

जीएमच्या जातीला एक खोड असते, गुपितं जपायची. चांगलं सुचलेलं रहस्य लगेच सांगून टाकायला जिवावर येतं. पण ज्या गोष्टीचा खेळाडूंना पत्ताच नाही ती त्यांच्यासाठी नसतेच, आणि न दिसलेल्या वाटेने कोणी जात नाही. टेबलावर शांतता पसरते तेव्हा दहातल्या नऊ वेळा मला दोष माहितीच्या टंचाईचा वाटतो. जीएम मात्र खेळाडूंना आळशी म्हणून मोकळा होतो.

सुरुवातीला दहा अफवा लिहा. प्रत्येकीत एक ठिकाण, एक माणूस किंवा गट आणि घाई करायचं एक कारण हवं. दोन नमुने बघा.

कच्ची: "जुन्या देवळात काहीतरी विचित्र घडतंय म्हणे."

पक्की: "तिसऱ्या खांबासाठी खणताना मजुरांना दगडी जिना लागलाय. कंत्राटदाराने रातोरात पहारा बसवला. परवा तिथे चुन्याची भर घालणार आहेत."

पहिलीवर मान डोलते, दुसरीवर खेळाडू पुढे सरसावून बसतात. ठिकाण कळलं, अडवणारा कोण ते कळलं आणि मुदत परवाची. दोन-तीन अफवा चुकीच्या असू द्या, पण पोकळ नको. खोटी अफवासुद्धा कुठेतरी पोहोचवणारी हवी. खिंडीत सोनं आहे ही थाप असली, तरी ती कोणी आणि का पसरवली याला उत्तर असावं.

महत्त्वाचं काही कळायलाच हवं असेल, तर त्याच्याकडे नेणारे किमान तीन वेगवेगळे दुवे पेरा. पहिला खेळाडूंच्या नजरेतून सुटेल, दुसऱ्याचा ते भलताच अर्थ लावतील, तिसरा कामी येईल. तिन्ही एकाच एनपीसीच्या (जीएम चालवतो त्या पात्राच्या) तोंडी ठेवू नका, कारण त्याच एनपीसीला कोणीतरी पहिल्या दहा मिनिटांत नदीत ढकलतं.

धोक्याचंही तसंच. ज्या गुहेतून लेव्हल एकची, म्हणजे अगदी नवखी, पार्टी जिवंत परतणार नाही तिच्या तोंडाशी तसं दिसलं पाहिजे: वितळलेली ढाल, जनावरांची टाळाटाळ, गावातला एकुलता एक वाचलेला माणूस. इशारा मिळूनही आत गेले तर ती त्यांची निवड. इशारा न देता मारलंत तर तो तुमचा दगाफटका.

पायरी ५: पहिलं सेशन पेटत्या प्रसंगात सुरू करा

मोकळीक द्यायची म्हणजे पहिलं पान कोरं ठेवायचं, हा गैरसमज आहे. सुरुवात तुम्ही द्या आणि दिशा त्यांच्यावर सोडा.

माझं ते सेशन भर नदीत, नावेत सुरू झालं. दोर कोणीतरी अर्धवट कापलेला, प्रवाह जोरात, नावेत मिठाची पोती, व्यापाऱ्यांचा एक मुनीम आणि एक नावाडी. दोघे एकमेकांवर दोर कापल्याचा आरोप करताहेत. "दोर तुटला. नाव आडवी फिरतेय. मुनीम पोती धरून बसलाय, नावाडी ओरडतोय की पोती फेका. तुम्ही काय करता?" इथे शांतता पसरायला जागाच नाही. पोती फेकली तर व्यापारी नाराज, नाही फेकली तर नावाडी. काहीही केलं तरी किनाऱ्याला लागेपर्यंत पार्टीला एक मित्र आणि एक वैरी मिळालेला असतो.

तपासा: पहिलं सेशन संपताना खेळाडूंना जायला किमान तीन वाटा दिसत आहेत का? त्यांनाच मोजायला लावा. तुमच्या डोक्यातल्या वाटा धरायच्या नाहीत.

पायरी ६: शेवटची पंधरा मिनिटं

या लेखातलं एकच काही उचलणार असाल तर हे उचला. घड्याळ बघून पंधरा मिनिटं आधी खेळ थांबवा आणि विचारा: "पुढच्या वेळी तुम्ही काय करणार?" मोघम उत्तर घेऊ नका. "बघू, खिंडीकडे वगैरे जाऊ" याला उत्तर म्हणत नाहीत. खिंडीत कशासाठी, कोणत्या वाटेने, आधी कोणाला भेटून? उत्तर मिळालं की सगळ्यांसमोर वाचून दाखवा आणि लिहून ठेवा.

यामुळे तयारीचा डोंगर एका टेकडीएवढा होतो. सगळा मुलूख तयार ठेवावा लागत नाही, पुढचा मुक्काम तेवढा लागतो. पुढच्या वेळी त्यांनी बेत बदलला तर? बदलू द्या. "मग आज मला थोडं अंदाजपंचे चालवावं लागेल, चालेल ना?" असं सरळ सांगा. खेळाडू समजूतदार असतात. बहुतेक वेळा तेच म्हणतात, "नको, ठरलं तेच करू."

पायरी ७: तयारी एका कागदात

कागदाच्या दोन्ही बाजू, त्यापुढे नाही. पुढच्या बाजूला पार्टी जाणार आहे ती तीन-चार ठिकाणं आणि चार एनपीसी. एनपीसीपुढे फक्त त्याला आत्ता काय हवंय आणि बोलण्याची एक लकब. मागच्या बाजूला सहा ओळींचा रँडम एन्काउंटरचा (वाटेत अचानक काय भेटेल हे फाशाने ठरवायचा) तक्ता, क्लॉकमुळे दिसणारे बदल आणि दहा मोकळी नावं. नावांची यादी हा फालतू तपशील वाटतो, पण "त्या पहारेकऱ्याचं नाव काय?" या प्रश्नावर जीएम अडखळला की खेळाडूंना लगेच कळतं, हा आत्ता शोधलेला माणूस आहे.

एन्काउंटरच्या ओळीत "४ लांडगे" असं लिहू नका, ते काय करताहेत ते लिहा. "चार लांडगे, एका पळपुट्या सैनिकाला झाडावर चढवून खाली बसलेत." आता लढाई, वाटाघाट, दुर्लक्ष, तिन्ही शक्य झालं.

पायरी ८: टेबलावर निवाडा करताना

अनोळखी माणूस किंवा प्राणी भेटला की तो लढेलच असं धरू नका. दोन सहाबाजूंचे फासे टाका. २ ते ५ आले तर समोरचा वाईट मनःस्थितीत, ६ ते ८ तर साशंक, ९ ते १२ तर बरा. ३६ शक्यतांपैकी मधल्या गटात १६ पडतात, दोन्ही टोकांना दहा-दहा. म्हणजे बऱ्याचदा समोरचा अजून काहीच न ठरवलेला निघतो आणि पुढचं खेळाडूंच्या बोलण्यावर ठरतं. जीएमलाही उत्तर आधी माहीत नसण्यात वेगळीच गंमत आहे.

फासा टाकायच्या आधी पणाला काय लागलंय ते मोठ्याने सांगा. "जमलं तर वही तुझ्या हातात. फसलं तर वही मिळेल, पण पहारेकऱ्याने तुझं तोंड पाहिलेलं असेल." फसल्यावर "काही होत नाही" हे कधीच नको, परिस्थिती हलली पाहिजे.

आणि अगदी अनपेक्षित काही आलं की? माझ्या टेबलावर पार्टीने पूल पाडला नाही, वाचवलाही नाही. त्यांनी बुडालेली एक नाव विकत घेतली, दुरुस्त केली आणि स्वतःचा धंदा सुरू केला. माझ्या कागदावर यातलं एक अक्षर नव्हतं. अशा वेळी मी पाच मिनिटांची सुट्टी मागतो आणि तीन प्रश्न सोडवतो: याने कोणाचं बिघडतं? कोणाचं फावतं? त्यांना हे कधी कळेल? नावाड्यांचं बिघडत होतं, कारण भाडं पडणार होतं. सैनिकांचं फावत होतं, त्यांना गुपचूप माल उतरवायला नवी नाव मिळत होती. कळणार होतं पहिल्याच फेरीत. पुढची चार सेशन यावर चालली.

सावधान: "नाही, तसं करता येणार नाही" हे वाक्य जिभेवर आलं की स्वतःला विचारा, जगात ते अशक्य आहे, की माझ्या तयारीत बसत नाही? दुसरं असेल तर ते रेलरोडिंग आहे, म्हणजे खेळाडूंना तुमच्याच रुळांवरून ढकलणं, कितीही गोड आवाजात म्हणा. आणखी एक छुपा प्रकार: उजवीकडे गेले काय, डावीकडे गेले काय, वाड्यात तोच राक्षस. दोन्ही दरवाज्यांबद्दल खेळाडूंना काहीच माहीत नसेल तर एक वेळ खपून जाईल. पण चौकशी करून, पैसे खर्चून त्यांनी डावा दरवाजा निवडला असेल, तर ती फसवणूक होते.

चर्चा लांबत गेली, तेच तेच मुद्दे फिरू लागले, तर मध्ये पडा. समोर असलेल्या वाटा मोजून सांगा: "तुमच्यापुढे तीन गोष्टी आहेत, शिवाय चौथी तुमच्या मनातली." मग प्रत्येकाला नाव घेऊन विचारा, गप्प बसणाऱ्यापासून सुरुवात करून. तरीही सुटत नसेल तर जगातून एक धक्का द्या: दारावर थाप, धूर, उशिरा आलेलं पत्र.

पायरी ९: दोन सेशनच्या मधलं जग

सेशन झाल्यावर वीस मिनिटं बसा. प्रत्येक गटाचं क्लॉक बघा: खेळाडूंनी मदत केली असेल तर एक भाग भरा, खोडा घातला असेल तर पुसा किंवा तसंच ठेवा, काहीच केलं नसेल तर सहाबाजूंचा एक फासा टाकून ४ किंवा वर आल्यास एक भाग भरा. मग जे बदललं त्यातलं निदान एक पुढच्या सेशनच्या पहिल्या दहा मिनिटांत खेळाडूंच्या कानावर घाला. अफवांच्या यादीतल्या शिळ्या अफवा काढून दोन ताज्या टाका.

इथली चूक उलट्या दिशेची असते. काही जीएम घरी बसून गटांची युद्धं, तह, लग्नं लावतात, वह्या भरतात आणि टेबलावर त्यातलं एक वाक्य पोहोचत नाही. खेळाडूंना ज्याचा गंध लागणार नाही असा बदल नोंदवायचाच नाही, असा माझा नियम आहे.

पाच-सहा सेशननंतर पायरी १ चा कागद पुन्हा बाहेर काढा. हिशेबवही मिळाली असेल, तर त्या पात्राला आता काय हवंय? बरेच खेळाडू इथे अडतात. तेव्हा पात्राने आजवर केलेल्या तीन गोष्टी त्यांना आठवण करून द्या आणि त्यातून कोणाचं देणं राहिलंय ते विचारा. माझ्या वहीवालीने बराच वेळ विचार केला. मग म्हणाली, "त्या कंत्राटदाराच्या मुलीला आपण अनाथ केलंय." तिने नवं वाक्य लिहिलं, मी नकाशावर एक ठिकाण वाढवलं आणि विचारलं, "पुढच्या वेळी तुम्ही काय करणार?"